एकशे वीस तासांची सही

९ ऑगस्ट, शनिवार

आज मी एक सही दिली नाही. उद्यापर्यंत आमची अख्खी अकोट फैल वस्ती म्हणेल की रहीम मिस्तरी माजला. म्हणून माझी बाजू लिहून ठेवतो. बेअरिंगच्या एजंटनं जानेवारीत दिलेली ही डायरी सात महिने कोरीच पडली होती. चांदूर बाजारच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलो, तेवढ्यावर लिहिणं जमतं. बायको हमिदा उर्दूच वाचते, त्यामुळे वही उघडी राहिली तरी घरात भांडण नाही.

झालं ते असं. दुपारी माझ्या मोटार दुरुस्तीच्या दुकानात चांदूर बाजारहून जुन्या ओळखीचे जानरावभाऊ आले, सोबत मुलगा नितेश. पायदळात सतरा वर्षं काढून गेल्या महिन्यात हवालदार म्हणून सुटला. पोरगा ताठ, स्टुलावर बसला तोही सावधानमध्ये. जानरावभाऊंनी पेढ्यांचा डबा ठेवला आणि त्याच्यावर एक फॉर्म.

नितेशनं नोकरीत असतानाच पोस्टानं एक डिप्लोमा केलाय. विजेच्या मोटारींची दुरुस्ती आणि रिवाइंडिंग, म्हणजे जळलेली कॉइल काढून नवी तार गुंडाळणं. दीड वर्षाचा अभ्यास, पुस्तिका टपालानं येणार, उत्तरं टपालानं जाणार. सगळं पास. आता शेवटचं पान तेवढं उरलंय: ‘उमेदवाराने माझ्या वर्कशॉपमध्ये एकशे वीस तास प्रत्यक्ष काम केले आहे.’ खाली मालकाची सही, शिक्का.

अशा सह्या कशा होतात ते मला माहीत नाही असं नाही. शेजारचा मनोज, पंपाचे पार्ट विकणारा, त्याचा शिक्का तर सुतळीला बांधून दाराशीच लटकवलेला असतो. पेढे आले, चहा झाला, शिक्का बसला. पोरगा पाना कोणत्या हातात धरतो तेही कोणी पाहत नाही.

मी फॉर्म वाचला आणि परत केला. म्हटलं, “जानरावभाऊ, पेढे ठेवून जा, फॉर्म घेऊन जा. एकशे वीस तास लिहिलं हाय, तर एकशे वीस तास बसवा पोराले. मग सही.”

“रहीमभाऊ, फौजीवर भरोसा नाई काय तुले?”

“फौजीवर हाय. कागदावर नाई.”

जानरावभाऊ लाल झाले. मनोजनं तिकडून आवाज दिला, “या भाऊ इकडं, आपल्याकडं रांग नाई!” तेव्हा नितेश उठून म्हणाला, “चाचा, किती वाजता येऊ?”

“आठ.”

“सोमवारी येतो.”

जाताना जानरावभाऊ पेढ्यांचा डबाही घेऊन गेले. हे मात्र लागलं.

११ ऑगस्ट, सोमवार

आठला पाच कमी असताना हजर. बिऱ्हाड अमरावतीत, तिथून पहाटेची एसटी धरून आला.

पहिल्याच तासाला बेअरिंग बसवायला दिलं तर हातोडा घेऊन सरळ बाहेरच्या कड्यावर ठोकायला लागला. ताकद अशी की गल्लीतली कुत्री उठली. मी म्हटलं, “अरे, हा दुश्मन नोहे!” बेअरिंग गेलं. त्याला सांगितलं की शाफ्टवर बसवताना जोर आतल्या कड्यावर द्यायचा, तोही पाइपचा तुकडा लावून. तो म्हणाला, “हाव चाचा, पुस्तिका चार, पान नऊ. लिहिलेलं हाय तसंच.”

“मग ठोकलं काहून?”

“हाताले माहीत नव्हतं.”

उत्तर आवडलं, पण तसं दाखवलं नाही.

आजचे तास पाच. चहा, जेवण, लाइट गेलेली वेळ सगळी वजा. तो म्हणतो फौजेत चहाही ड्यूटीत धरतात. म्हटलं, तिथं सरकार हाय, इथं रहीम हाय.

१३ ऑगस्ट, बुधवार

आज कॉइल करता करता बोलता झाला. मी मुद्दाम विचारत नाही. तांब्याची तार फिरायला लागली की माणूस आपोआप बोलतो.

अमरावतीत त्याच्याबरोबर सुटलेले सात जण आहेत. सातही जणांच्या अंगावर पुन्हा गणवेश: कोणी बँकेच्या दाराशी, कोणी दवाखान्याच्या, कोणी मॉलच्या. याच्या मेहुण्यानंही एका मॉलचं गेट ठरवून ठेवलंय. बारा तास उभं राहणं.

“सतरा वर्षं पहाऱ्यावर उभा राह्यलो, त्याचं मले वाईट नाई वाटत,” म्हणाला. “पण आता कोणाच्या गाडीची डिक्की उघडून नाई पाहाणार मी. लोक म्हणतात फौजीले दुसरं येते काय! येते. दाखवतो.”

अमरावतीजवळ नांदगावपेठच्या एका सूतगिरणीत मोटार मेंटेनन्सच्या टेक्निशियनची एक जागा आहे, माजी सैनिकासाठी राखून ठेवलेली. कागद एक सप्टेंबरला स्वतः नेऊन द्यायचे. तेच याच्या डोक्यात बसलंय. ती नाही मिळाली तर गेट.

मी विचारलं, फौज सुटायच्या आधी हातानं शिकायचे कोर्स देते असं ऐकलंय, ते सोडून पोस्टाचं खूळ काहून घेतलं? म्हणाला, नाव आलं होतं, तीन महिन्यांचा वर्कशॉपमधला कोर्स होता. पण कंपनी वर डोंगरातल्या चौकीवर होती, बदली हवालदार आला नाही, साहेबांना सोडता येईना. वर जाऊ शकत होतं ते टपालच.

मी म्हणालो, “बंदूक पण टपालानंच शिकला काय?”

“नाई चाचा. पण बंदुकीचे सगळे भाग तोंडपाठ नसले तर आम्हाले रेंजवर पाय ठेवू देत नव्हते.”

असं फटकन उत्तर देतो. माझ्या दुकानात मला उलटं बोलणारी आतापर्यंत फक्त हमिदा होती.

तास: एकूण सतरा.

१८ ऑगस्ट, सोमवार

दुपारी डबा खाताना हा रोज बाहेर जाऊन फोन करतो. वीस मिनिटं, कधी पंचवीस. बायकोला. लग्नाला दहा वर्षं झाली म्हणे! मी चिडवलं तर लाजला नाही, नुसता हसला. परत आला की काहीतरी खुसपट काढतो. आज म्हणाला, “चाचा, जुनी कॉइल कापायच्या आधी तिचे वेढे, तारेची जाडी, जोडणी हे सगळं लिहून ठेवायले पायजे. तुमी तोंडीच ठेवता.”

म्हटलं, तेहतीस वर्षं तोंडीच चाललंय.

“अन् तुमी एखाद्या दिवशी नाई आले तर?”

माझ्या मरणाची गोष्ट माझ्याच दुकानात. तरी संध्याकाळी एक जुनी वही काढून त्याला दिली. लिही म्हटलं, हौस आहे तर.

१९ ऑगस्ट, मंगळवार

बार्शीटाकळीच्या भगवंतरावांची विहिरीवरची पाच हॉर्सची मोटार. नितेशनं सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः बांधलेली ही पहिलीच. वार्निश देऊन दोन दिवस बल्बखाली ठेवली होती. आज चालवून पाहिली. मी डोळे मिटून ऐकली. माझे कान हेच माझं सर्टिफिकेट. बेअरिंग कोरडं आहे, फेज कमी आहे, पंखा घासतो, सगळं मला आवाजावरून कळतं. ही एकदम साफ वाजत होती. म्हटलं, शाबास, द्या गाडीवर.

तर हा म्हणे थांबा. जेवायला गेला, फोन केला, आला आणि कपाटातून मेगर काढलं. वीज कॉइलमधून लोखंडात झिरपते का ते मोजायचं यंत्र. मी पाच वर्षांपूर्वी घेतलेलं, तेव्हापासून कपाटातच. अर्धा मेगओहम दाखवला; आकडा कमी म्हणजे गळती जास्त. म्हणाला, निदान एक तरी पायजे, नव्या कामाचा तर किती तरी जास्त. आत ओल राहिली असेल, अजून वाळवू.

मी म्हटलं, मोटार माझ्याशी बोलली, तुझ्या यंत्राशी नाही. भगवंतरावांचा माणूस टेम्पो घेऊन उभा होता. दिली पाठवून.

२१ ऑगस्ट, गुरुवार

हे लिहू की नको, असं सकाळपासून चाललंय. लिहितो.

काल भगवंतरावांनी मोटार सुरू केली, हात लावला आणि फेकले गेले. पायात रबरी चपला होत्या म्हणून वाचले. गडी सांगत होता, मालक अर्धा तास बोललेच नाहीत. मी स्वतः बार्शीटाकळीला गेलो, मोटार उचलून आणली, खोलली. नितेश खरा होता. आत ओल होती. पावसाळी हवा, दोन दिवस बल्ब पुरला नाही.

कानाला ओल ऐकू येत नाही. हे मला वयाच्या चोपन्नाव्या वर्षी कळलं.

नितेशनं विचारलं, “काय झालं होतं चाचा?” मी सांगितलं, त्यांच्याकडची वायर ढिली होती.  मोटार चार दिवस तापवायला ठेवली.

भगवंतरावांना मी खरं सांगितलं. ते म्हणाले, “मिस्तरी, तू आलास हे बरं केलं.” त्यांना सांगता आलं, आणि या पोराला नाही. का, ते कळत नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

आज एक गोष्ट डोळ्याला दिसली आणि डोकं फिरलं.

नितेश तपासून आलेल्या उत्तरपत्रिका दाखवायला घेऊन आला होता. पानोपानी ‘उत्तम’. अक्षर गोल, सुंदर. आणि माझ्या दुकानातल्या वहीत हा पठ्ठ्या लिहितो ते मुंग्या चालल्यासारखं. मी विचारलं, हे कोणाचं अक्षर?

“पौर्णिमाचं.”

सरळ सांगितलं. शरम नाही, काही नाही. परीक्षा बायकोनं दिली, डिप्लोमा नवऱ्याला! आणि मी मूर्ख तास मोजत बसलोय. म्हटलं, उद्या तिला घेऊन ये, नाहीतर तूही येऊ नको.

घरी हमिदाला सांगितलं. ती मेथी निवडत होती. म्हणाली, “तुम्हारे कान तेज हैं, पर सुनते अपनीच हो.” याचा इथं काय संबंध, देव जाणे.

२५ ऑगस्ट, सोमवार

पौर्णिमा आली. बारीक अंगाची, बारावी सायन्स, अमरावतीत घरी शिकवण्या घेते. खांद्यावर पिशवी, पिशवीत साऱ्या बारा पुस्तिका. मनोज पार्टच्या खोक्यामागून कान लावून बसला होता.

मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, “चाचा, तुमी म्हणता म्हणे आमी कॉपी केली.”

“अक्षर तुझं हाय ना?”

“अक्षर माह्यं. उत्तरं त्याईची.” आणि सुरूच झाली. टपाल वर पोचायला वीस-पंचवीस दिवस. दोन पुस्तिका वाटेतच भिजल्या, एक परत आली. तेव्हा तिनं पत्ता बदलून घरचा टाकला. फोन लागला तर आठवड्यातून एकदा, सात मिनिटं. “त्यातलं एक मिनिट आमचं रडगाणं अन् सहा मिनिटं धडा. मी वाचून दाखवत होती, हे तिकडं थंडीत उभे राहून ऐकत होते. पुढच्या हप्त्यात प्रश्न वाचायची, हे उत्तर सांगत, मी लिहीत होती. शब्द समजला नाई तं मी आधी स्वतः शोधून काढत होती, मंग सांगत होती. दीड वर्षं. आमच्या लेकाले बापाचा आवाज म्हणजे कॉइल अन् करंट असंच वाटते! अन् तुमी कॉपी म्हणता?”

मनोजचं खोकं हललं.

मी म्हटलं, “लिहिणं सोपं हाय बाई. इथं हात काळे करावे लागतात.”

“मग त्याचेच तर तास लिहून राहिले ना तुमी? मी थोडीच म्हटलं सही फुकट द्या. अभ्यास फुकट झाला नाई एवढंच सांगायले आली.”

मी परीक्षा घेतली, दोघांचीही. नितेशला विचारलं, मोटार तीनपैकी दोनच फेजवर चालली तर काय होते? त्यानं पुस्तिकेतला परिच्छेद शब्द न शब्द म्हटला, आणि गंमत म्हणजे म्हणताना आवाज तिच्यासारखा चढवला-उतरवला. मग मी विचारलं, असं का होते? तो अडखळला. ती उभ्या उभ्या बोटांनी हवेत तीन रेषा काढून समजावून गेली. इतकं साफ की मलाही, म्हणजे मला माहीत होतंच, पण असं सांगता आलं नसतं.

ठीक आहे. कॉपी नाही. पण तास एकशे वीसच होतील. तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, “एकशे एकवीस घ्या.” पिशवी मात्र इथंच ठेवून गेली, नितेशला दुपारी फोन करावा लागू नये म्हणून.

हमिदाला रात्रीच्या जेवणावर सगळं सांगितलं. ती म्हणाली, “तो फिर मिस्तरी कौन है उन दोनों में?” म्हटलं, नितेश, आणखी कोण. ती हसून आत गेली.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल गणपतीची सुट्टी. आजपर्यंत एकशे चार तास.

जानरावभाऊंचा फोन. परवापासून घरी महालक्ष्म्यांची, म्हणजे गौरींची, तयारी, रविवारी महालक्ष्म्या बसणार, सोमवारी जेवण. सतरा वर्षांत पोरगा एकदाही त्या दिवशी घरी नव्हता. दर वेळी शेजारच्या पोरानं मुखवटे आत आणले. या वर्षी मुखवटे नितेशच्या हातानं येणार, असं नितेशच्या आईनं, पार्वताबाईंनी, साऱ्या गल्लीत सांगून ठेवलंय.

आणि सोळा तास बाकी. शुक्रवारी माझं दुकान बंद. शनिवार आठ, रविवार आठ. सोमवारी सकाळी अमरावतीत कागद द्यायचे.

“रहीमभाऊ, सोळा तासानं काय होते? लिहून टाक एकशे वीस. तुले कोण विचारते?”

मी म्हटलं, कोणी नाही विचारत, म्हणूनच नाही लिहीत.

मग त्यांनी ते काढलं जे इतके दिवस काढलं नव्हतं. ब्याण्णवमध्ये माझ्याजवळ ना दुकान होतं ना कागद. चांदूर बाजारात कोणी मला स्क्रू पण काढू देत नव्हतं. तेव्हा जानरावभाऊंनी विहिरीवरची जळलेली मोटार काढून माझ्या पुढ्यात ठेवली होती. म्हणाले होते, “जळलेलीच हाय, आणखी किती जाळशीन?” माझी पहिली मोटार ती.

“तवा म्या तुले कागद मागतला होता काय रे?”

 पण खरं ते बोललो. “नाई मागतला भाऊ. पण तुमी दोन दिवस बांधावर बसून माझे हात पाह्यत होते. मी तेच करून राहिलो.”

त्यांनी फोन ठेवला. तेहतीस वर्षांची ओळख आज तुटली असं धरून चालतो. सही खोटी देणार नाही.

शुक्रवारी दुकान उघडू का, असं नितेशला विचारलं होतं. तो म्हणाला, “तुमचा जुम्मा, चाचा. तुमचा नेम माझ्यासाठी नका मोडू.” आपल्या घरचा नेम मोडायला मात्र हा तयार.

३१ ऑगस्ट, रविवार

पाच वाजून दहा मिनिटांनी एकशे वीस झाले. शेवटचं काम: भगवंतरावांचीच मोटार. नितेशनं मेगर लावलं, वहीत आकडा लिहिला, मला दाखवला. मीही कान लावला. दोन्ही ठीक.

चांदूर बाजारात तेव्हा महालक्ष्म्या घरात आल्या असतील. शेजारच्या पोराच्याच हातानं. नितेशनं घड्याळाकडे एकदाच पाहिलं.

मी हात धुतले, फॉर्म पुसलेल्या टेबलावर ठेवला आणि सही केली. मनोज म्हणाला, “बाप्पा, निकाह लागल्यासारखी सही करून राहिला!” करू दे थट्टा. त्याच्या शंभर शिक्क्यांत ही एक बसत नाही.

३ सप्टेंबर, बुधवार

नितेशचा फोन. आज मुलाखत होती. गिरणीच्या भरतीवाल्या साहेबानं फॉर्म पाहिला, हसला आणि बाजूला टाकला. म्हणाला, “हे एकशे वीस तास सगळ्यांचेच असतात हो. चाळीस फॉर्म आलेत, चाळीसही खरे! तुम्ही हवालदार होता, उंची चांगली आहे. आमच्या मेन गेटला सुपरवायझर हवाय. टेक्निशियनपेक्षा पगार जास्तच पडेल.”

नितेश म्हणाला, “साहेब, सतरा वर्षं बाहेरून दार राखलं. आता आत घ्या नाहीतर जाऊ द्या.” आणि उठून आला.

म्हणजे मी पाय आपटून खरी सही दिली, आणि मनोजच्या शिक्क्यांनी ती आधीच खाऊन टाकली होती. साऱ्या वऱ्हाडानं खोट्या सह्या करायच्या आणि खऱ्या माणसाला गेटवर उभं करायचं! मी फोनवर इतक्या जोरात बोललो की मनोजनं शटर अर्धं ओढलं.

उद्या मी अमरावतीला जातो. ही वही घेऊन.

४ सप्टेंबर, गुरुवार

बसमध्ये ठरवलं होतं, आवाज चढवायचा नाही. गेटवरच चढवावा लागला. शेवटी आवाज ऐकून मेंटेनन्सच्या इंजिनिअर बाहेर आल्या. शकुन मॅडम, चाळिशीच्या, बाहीला ग्रीस. ग्रीस पाहून मला धीर आला. नितेश आणि पौर्णिमा सोबत होते.

मॅडमही तेच म्हणाल्या. “मिस्तरी, तुमची सही खरी असेल. पण मला कसं कळणार?”

मी डायरी काढली. म्हटलं, तासांचा हिशेब यात आहे. वाचतो. अकरा ऑगस्टपासून सुरू केलं: बेअरिंगवर हातोडा ठोकला ते, लाइट गेलेली वेळ वजा ते. मॅडम हसल्या. तेरा तारीख वाचली. अठरा वाचली. एकोणीस वाचली.

एकवीस तारखेचं पान आलं आणि थांबलो. पान चुकवता आलं असतं. पण मॅडमनी बोट ठेवलं, “हे मोठं दिसतंय. काय आहे?”

वाचलं. सगळं. नितेश खरा होता ते. ओल होती ते. भगवंतराव फेकले गेले ते. वायर ढिली होती असं मी या पोराला खोटं सांगितलं, तेही. नितेश माझ्या उजव्या हाताला उभा होता. त्याच्याकडे पाहिलं नाही.  पौर्णिमानं पाण्याची बाटली पुढे केली.

मॅडमनी वही माझ्या हातातून घेऊन मिटली. “खोटे तास लिहिणारा माणूस स्वतःची चूक कशाला लिहील?” म्हणाल्या. “चला आत.”

त्यांनी नितेशपुढे एक बंद पडलेली मोटार ठेवली. आम्ही काचेबाहेर. त्यानं आधी शाफ्ट हातानं फिरवून कान लावला, मग मेगर मागितलं, मग कागद-पेन्सिल. मी शिकवलेलं आणि त्यानं आणलेलं, दोन्ही त्याच क्रमानं. पौर्णिमा काचेला नाक लावून ओठ हलवत होती. हा काय करणार ते आधी हिच्या ओठांवर येत होतं.

दोन तासांनी मॅडमनी विचारलं, “शिकलात कुठे?”

“पुस्तक बायकोनं वाचून दाखवलं. हात चाचांनी काळे केले.”

तिचं नाव आधी घेतलं. ठीक आहे, तशी घटनाही आधीचीच.

परतताना नितेश स्टँडवर सोडायला आला. म्हटलं, “त्या वायरच्या गोष्टीबद्दल—”

“मले त्याच दिवशी माहीत होतं, चाचा. मोटार चार दिवस तापवायले ठेवली होती तुमी. ढिल्या वायरीसाठी कोणी मोटार तापवते काय?”

इतके दिवस माहीत होतं आणि बोलला नाही. फौजी.

९ सप्टेंबर, मंगळवार

नेमणूक झाली. टेक्निशियन. सहा महिने तात्पुरती, मग कायम. जानरावभाऊंचा फोन आला. महालक्ष्म्यांचं नाव काढलं नाही, सहीचंही नाही. फक्त म्हणाले, “विहिरीवरची मोटार घरघर करून राहिली. येऊन ऐक जरा.”

म्हटलं, येतो. मेगर पण आणतो.

मनोजनं दाराशी लटकवलेला शिक्का आत ठेवला आहे. विचारलं तर म्हणे सुतळी तुटली. पण अजूनही दोन पोरं फॉर्म घेऊन त्याच्याकडे गेली आणि हसत बाहेर आली, हे मी पाहिलं. माझ्याकडे एक आला, एकशे वीस तास ऐकले आणि गेला. जाऊ दे. मी सही अशीच देणार, कोणी येवो न येवो.

१४ सप्टेंबर, रविवार

पौर्णिमाची पिशवी अजून इथंच आहे. परत न्यायला या म्हणून दोनदा सांगितलं, ती म्हणते असू द्या. गुरुवारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून सहज पुस्तिका काढून बसलो. शिकायला नाही, चुका काढायला. पुस्तक लिहिणाऱ्यानं आयुष्यात कधी कॉइल बांधली नसणार, हे माझं मत अजून कायम आहे.

तीन दिवसांत चौथ्या पुस्तिकेपर्यंत आलो. आज दुपारी पान चौदावर चूक सापडली. लाल पेननं खूण केली आणि लगेच पौर्णिमाला फोन लावला. सगळं वाचून दाखवलं, कुठं चुकलंय ते समजावलं. पलीकडे ती ऐकत होती. मला वाटलं, आता मान्य करते.

म्हणाली, “चाचा, आधी पान तेरा नीट वाचा. मग फोन करा.”